घंटागाडीची काही चूक नव्हती

मंडळी, गेले तीन विकांत इथे काही टंकलेलं नाही. दोघातिघांनी काळजीने विचारलं, "लग्नबिग्न ठरलं की काय?" नाही हो. एका बगने धरून ठेवलं होतं. तोही हापिसातला पगारी बग नव्हे, घरचा, हौसेचा. पण या हौसेच्या बगाने हापिसातलं एक जुनं प्रकरण उकरून काढलं, म्हणून आज जरा सविस्तर लिहितो. मधला भाग थोडा तांत्रिक आहे. जमेल तितका सोपा करतो.

जुन्या वाचकांना आठवत असेल, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी स्वतःची एक लिस्प लिहायला घेतली होती. लिस्प ही फार जुनी प्रोग्रॅमिंग भाषा. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली एमआयटीत तिच्यावर काम सुरू केलं, म्हणजे ती माझ्या बाबांपेक्षाही वयाने मोठी. तिच्यात झाडून सगळं कंसात लिहायचं. कंसात कंस, त्यात आणखी कंस. म्हणून मी माझ्या भाषेचं नाव ठेवलं 'कंसमामा'. आज्ञासुद्धा मराठीत आहेत. दोन वस्तूंची जोडी करायची तर 'जोड', जोडीतली पहिली वस्तू 'डोकं' आणि उरलेली 'शेपूट'. कंसमामाची यादी म्हणजे डोक्याला शेपूट, शेपटीला पुन्हा डोकं, अशी आगगाडी.

हे खूळ कुठून आलं? सहाव्या सेमिस्टरला आम्हाला 'सिस्टिम प्रोग्रॅमिंग अँड कंपायलर कन्स्ट्रक्शन' हा विषय होता. मुंबई विद्यापीठातल्या कॉम्प्युटरवाल्यांना एसपीसीसी म्हटलं की लगेच कळेल. त्याला आयआयटी मुंबईच्या प्रा. डी. एम. ढमढेरे यांचं पुस्तक वापरायचो. परीक्षेसाठी त्यातली चार प्रकरणं घोकली आणि विसरलो. पुढे कधीतरी कळलं की कंपायलरला तेच तेच गणित पुन्हा करण्यापासून कसं वाचवायचं, यावर याच ढमढेरे सरांचं जगभर वाचलं जाणारं संशोधन आहे. आपण घोकलेल्या पुस्तकाचा लेखक पवईत बसून हे करत होता आणि आपल्याला पत्ताच नाही! तेव्हा जरा लाज वाटली आणि पुस्तक पुन्हा उघडलं. ते उघडलं ते उघडलंच.

तर कंसमामाचे दोन भाग आहेत. एक कंपायलर: कंसातला मजकूर वाचून तो सीपीयूच्या भाषेत उतरवणारा. दुसरा रनटाईम: प्रोग्रॅम चालू असताना त्याला मेमरी देणारा, नको झालेली मेमरी परत घेणारा. या परत घेण्याच्या कामाला गार्बेज कलेक्शन म्हणतात, आणि ही कल्पनाही मॅकार्थींनी लिस्पसाठीच काढली. १९६० च्या त्यांच्या प्रसिद्ध निबंधात ती आहे. आज जावा असो, पायथन असो की जावास्क्रिप्ट, सगळ्यांच्या दारात ही घंटागाडी येते. मी तिला घंटागाडीच म्हणतो.

माझी घंटागाडी मात्र जरा उलट्या चालीची आहे. ती कचरा उचलत नाही. मेमरीचे दोन सारखे भाग, समजा दोन घरं. एका घरात राहायचं. ते भरलं की घंटागाडी येते, ज्या वस्तूंचा पत्ता कुणाकडे तरी लिहिलेला आहे तेवढ्याच उचलून दुसऱ्या घरात नेऊन मांडते, आणि ज्याच्या त्याच्या यादीतला जुना पत्ता खोडून नवा लिहिते. जुन्या घरात जे उरलं तो कचरा. ही युक्ती सी. जे. चेनी यांनी १९७० साली छापली. सगळा कोड दोनशे ओळींत बसतो, म्हणून माझ्यासारख्या हौशी माणसाला परवडते.

आता बग. मी कंसमामात लोकलच्या वेळापत्रकाची यादी वेळेनुसार लावायचा एक चाचणी प्रोग्रॅम लिहिला होता. एकोणचाळीस वेळा नीट चालला. चाळिसाव्या वेळी आपटला. पुन्हा चालवला, चालला. पुन्हा, चालला. मग एकदा आपटला नाही, पण पनवेल-सीएसएमटी गाडीच्या जागी एक भलताच आकडा छापला. आपटण्यापेक्षा हे वाईट. आपटलं तर निदान कळतं तरी.

साहजिकच संशय घंटागाडीवर. मेमरीत गडबड झाली की प्रत्येकजण आधी गार्बेज कलेक्टरलाच शिव्या घालतो. पहिला शनिवार त्या दोनशे ओळी वाचण्यात गेला. ओळ न ओळ बरोबर. रात्री अकरा वाजता वैतागून एक प्रयोग केला: घराचा आकार एक एमबीवरून चौसष्ट एमबी केला. प्रोग्रॅम दोनशे वेळा चालवला. एकदाही आपटला नाही.

झालं! कमिट केलं, संदेश लिहिला 'मेमरीचा बग दुरुस्त', आणि झोपलो. शांत झोपलो हो, खोटं कशाला बोलू.

रविवारी सकाळी नाश्त्याला बाबांना सांगितलं. बाबा ट्रकच्या डिझेल पंपाचे मेकॅनिक. तीस वर्षं कळंबोलीत त्यांनी हेच केलं. आता गुडघ्यांमुळे बंद आहे, पण कान शाबूत आहेत. खालून ट्रक गेला तर पोह्यांचा घास थांबवून ऐकतात. त्यांना कंपायलर वगैरे कळत नाही, पण बिघाड कळतो.

म्हणाले, "म्हणजे नेमकं काय तुटलं होतं?"

"ते नाही कळलं बाबा. पण मेमरी वाढवली तर आता होत नाही."

"मग तू दुरुस्त काय केलंस?"

मी गप्प.

"अरे, ड्रायव्हर यायचे, म्हणायचे घाटात गाडी दम सोडते. आमच्याकडे उभी केली की टकाटक चालायची. रिकामी गाडी, सपाट जागा, का नाही चालणार? घाटात आजारी आणि गॅरेजात बरी. काही पोरं काय करायची, पंप थोडा वाढवून द्यायची. जास्त डिझेल, गाडी ओढते, ड्रायव्हर खूश. धूर वाढतो, पण तो मागे जातो, ड्रायव्हरला दिसत नाही."

"तुम्ही काय करायचात?"

"माल भरलेला असतानाच घेऊन जायचो खोपोलीच्या पुढे, बोरघाटात. ती जिथे मरते तिथे तिला मारायची. आणि एकदा मारून भागत नाही. प्रत्येक वळणावर मेली पाहिजे, तेव्हा कळतं कशाने मरते."

एवढं बोलून बाबा पोह्यांकडे वळले. मी मात्र आत जाऊन रात्रीचं कमिट मागे घेतलं.

घर मोठं केल्यावर काय झालं होतं? घंटागाडी कमी वेळा यायला लागली. एक एमबीच्या घरात ती शेकडो वेळा यायची, चौसष्टच्या घरात जेमतेम एकदा. बग तिथेच होता, त्याची पाळी येत नव्हती इतकंच. म्हणजे मला घाट हवा होता. मग मी उलटं केलं. 'जोड' म्हटलं की प्रत्येक वेळी घंटागाडी बोलवायची. दर जोडीला घर बदल! प्रोग्रॅम गोगलगायीसारखा चालतो, पण चालू दे. शिवाय घर सोडल्यावर जुन्या घराला कुलूप लावायचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमला सांगायचं की या मेमरीला कुणी नुसता हात जरी लावला तरी प्रोग्रॅम तिथल्या तिथे मार. मोठ्या भाषांचे लोक अशा युक्त्या वर्षानुवर्षं वापरतात. मी शोध लावला असं काही नाही.

चालवला. पहिल्याच सेकंदाला मेला. पुन्हा चालवला, त्याच ओळीवर मेला. दहा वेळा, दहाही वेळा तीच ओळ. त्या दिवशी दुपारी जितका आनंद झाला तितका प्रोग्रॅम चालल्यावरही कधी झाला नव्हता.

मग पुढचा शनिवार प्रोग्रॅम कापण्यात गेला. अर्धा काढून टाका, मरतो का बघा. मरतो? उरलेल्यातला अर्धा काढा. संध्याकाळपर्यंत एकच ओळ उरली:

(जोड (पहिलं क) (दुसरं ख))

यात काय होतं? कंपायलर आधी 'पहिलं' चालवतो. त्याचं उत्तर म्हणजे एका वस्तूचा पत्ता. तो कुठेतरी ठेवून मग 'दुसरं' चालवतो आणि शेवटी दोघांची जोडी करतो. पूर्वी मी हा पत्ता स्टॅकवर ठेवत असे. स्टॅक म्हणजेच ती यादी, जी घंटागाडी वाचते आणि दुरुस्त करते. पण महिनाभरापूर्वी मी हुशारी केली होती. वेग वाढावा म्हणून पत्ता स्टॅकवर न ठेवता सीपीयूच्या रजिस्टरमध्ये ठेवायला लागलो. रजिस्टर म्हणजे सीपीयूचे मोजके खिसे. माझ्या प्रोग्रॅमचा वेग पाचएक टक्क्यांनी वाढला, मी खूश झालो, इथे त्यावर एक पोस्टही खरडली. (ती कृपया शोधू नका.)

घंटागाडी यादी वाचते. खिसे तपासत नाही. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. 'दुसरं' चालू असताना ती आली, वस्तू नव्या घरात नेली, यादीतले सगळे पत्ते बदलले, आणि खिशातल्या चिठ्ठीवर जुनाच पत्ता राहिला. मग त्या जुन्या पत्त्यावर जाऊन आम्ही पनवेल लोकलची वेळ विचारली!

मग दरवेळी का नाही आपटला? कारण यात आणखी एक मेख आहे. 'दुसरं'ला स्वतःला तोच खिसा हवा असेल, तर नियमाप्रमाणे ते आधी खिशातली चिठ्ठी स्टॅकवर काढून ठेवतं आणि जाताना परत खिशात घालतं. मग चिठ्ठी आपोआप यादीत येते, घंटागाडी तिच्यावर नवा पत्ता लिहिते आणि सगळं सुखरूप पार पडतं. म्हणजे बग घडायला दोन गोष्टी जुळून याव्या लागतात: नेमकं तेव्हाच घर बदलणं, आणि 'दुसरं'ने तो खिसा न वापरणं. म्हणून चाळीसात एक.

थोडक्यात, घंटागाडीची काही चूक नव्हती. चूक माझ्या हुशारीची होती, आणि ती वेगळ्याच फाईलमध्ये होती.

दुरुस्ती सोपी निघाली. घंटागाडीला बोलवायच्या आधी सगळे खिसे स्टॅकवर रिकामे करायचे, ती गेली की परत भरायचे. अकरा ओळी. मोठी मंडळी काय करतात म्हणून एसबीसीएल या कॉमन लिस्पचा कोड वाचला. ही लिस्प विल्यम न्यूमन यांनी डिसेंबर १९९९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सीएमयूसीएलमधून वेगळी काढली. कार्नेगींचं पोलाद आणि मेलन यांची बँक, म्हणून नाव 'स्टील बँक'. कळंबोलीच्या लोखंड बाजाराशेजारी राहणाऱ्याला हे नाव आवडणारच! आपल्या नेहमीच्या इंटेल-एएमडी मशिनवर त्यांचा कलेक्टर संशयी स्वभावाचा आहे. स्टॅकवर किंवा रजिस्टरमध्ये पत्त्यासारखं काही दिसलं, मग तो खरा पत्ता असो वा योगायोगाने तसा दिसणारा आकडा, की तिथली वस्तू तो हलवतच नाही. थोडी जागा वाया जाते, पण कुणाच्या खिशातली चिठ्ठी खोटी ठरत नाही. आणि प्रत्येक आवृत्तीबरोबर एक बातम्यांची फाईल येते, तिच्यात सुधारलेल्या बगांची एकेक ओळ असते. बऱ्याच बगांची चाचणी त्या बगाच्या नंबरानेच कायमची चाचण्यांत जाऊन बसते. बग मेला तरी त्याचा फोटो भिंतीवर राहतो. हे मला फार आवडलं.

इथे थांबायला हरकत नव्हती. पण वाचता वाचता डीप स्पेस १ या नासाच्या यानाची गोष्ट हाती लागली. १९९८ साली सोडलेलं यान. मे १९९९ मध्ये त्यावर 'रिमोट एजंट' नावाचा, लिस्पमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम चालवून पाहिला. यानाने स्वतःचं स्वतः ठरवायचं, असा प्रयोग. उड्डाणाच्या आधीच, १९९७ साली, नासाच्याच संशोधकांनी स्पिन नावाचं साधन वापरून त्यातल्या एका भागात पाच चुका शोधल्या होत्या. तरी प्रत्यक्ष प्रयोगात, पृथ्वीपासून कोट्यवधी किलोमीटरवर, दोन कामं एकमेकांची वाट पाहत अडकली. पृथ्वीवरच्या मंडळींनी कारण शोधलं, उरलेला प्रयोग पार पडला. पण कारण काय निघालं? त्या पाचांतल्याच एका चुकीच्या जातीची चूक. सापडली तिथे दुरुस्त झाली होती. तीच चूक दुसऱ्या भागातही असेल, तिथे कुणी पाहिलं नव्हतं.

हे वाचलं आणि तिसरा शनिवार कामी आला. माझ्याकडे या जातीचे आणखी किती असतील? रजिस्टर वापरणारी प्रत्येक जागा तपासली. सापडला एक. तक्त्यात ओळीने किमती भरताना मी तक्त्याच्या आतल्या घराचा थेट पत्ता खिशात ठेवत होतो. आता गंमत बघा. कंसमामात प्रत्येक किमतीचे शेवटचे तीन बिट तिची जात सांगतात. तीन शून्यं म्हणजे साधी संख्या. आणि तो कच्चा पत्ता आठने भाग जाणारा, म्हणजे त्याच्याही शेवटी तीन शून्यं. खिसे आता तपासले जात होते, पण घंटागाडीने ही चिठ्ठी बघून म्हटलं, ही तर संख्या आहे, पुढे चला. माझ्या अकरा ओळींना याचा काही उपयोग नव्हता. तिथे पत्ता साठवणंच बंद केलं, दरवेळी नव्याने काढतो. वेगवाढीचे पाच टक्के होते, त्यातले दोन उरले.

असो. आता हापिसातलं.

दीड वर्षापूर्वी आमच्या टीमची एक सर्व्हिस तीन दिवस चालली की मंदावायची आणि मरायची. ते काम माझ्याकडे आलं. मी तिची मेमरी चार जीबीवरून आठ केली आणि रोज पहाटे साडेतीनला तिला आपोआप रिस्टार्ट करणारं क्रॉन लावलं. तिकिटावर लिहिलं, 'पुन्हा दिसला नाही', आणि बंद केलं. दोन दिवसांत प्रश्न सोडवला म्हणून कौतुक झालं. घर मोठं केलं होतं आणि धूर मागे सोडला होता, दुसरं काही नाही.

पुढे दिवाळीच्या आधी लोड वाढला आणि सर्व्हिस रात्री अकरालाच मेली. नाईट शिफ्टला आमच्यातली सगळ्यात नवी मुलगी होती. तिने घाईत हाताने रिस्टार्ट केली, आणि काही ग्राहकांना मेसेज दोनदा गेले. नंतरच्या मीटिंगमध्ये तिला विचारलं गेलं, परवानगी न घेता रिस्टार्ट का केलंस? तिच्या वार्षिक मूल्यमापनात त्याची नोंद झाली. त्या मीटिंगमध्ये मीही होतो. म्यूटवर. मला माहीत होतं की रिस्टार्ट करणं हा उपाय या घरात मीच आणलाय, आणि रोज पहाटे माझं क्रॉन तेच करतं, कुणाच्या परवानगीशिवाय. मी म्यूट काढलं नाही.

तिसऱ्या विकांतानंतरच्या सोमवारी कँटीनमध्ये तिला सगळं सांगितलं. वाटलं होतं चिडेल. ती चहा ढवळत म्हणाली, "मला माहीत होतं. क्रॉनच्या फाईलवर तुझंच नाव आहे ना दादा." वर्षभर माहीत होतं, आणि वर्षभर ती मला दादा म्हणत होती. मला पुढे काही बोलता आलं नाही.

त्याच दिवशी मॅनेजरना मेल लिहिला, तिला प्रतीत ठेवून: तिकीट मी चुकीचं बंद केलं होतं, त्या रात्रीचं मूळ तिथे आहे, तिच्या नोंदीचा फेरविचार व्हावा. तिकीट पुन्हा उघडून स्वतःच्या नावावर घेतलं. मॅनेजर म्हणाले, "चालतंय ना आता? मग कशाला उकरतोस?" शेवटी शुक्रवारचे दोन तास मिळाले. नोंदीबद्दल अजून उत्तर नाही. दर सोमवारी विचारतो.

त्या दोन तासांत आतापर्यंत एवढंच झालंय: चाचणीच्या मशिनवर क्रॉन काढून टाकलं, मेमरी आठ जीबीवरून पाचशे बारा एमबीवर आणली. पूर्वी मरायला तीन दिवस लागायचे, आता चाळीस मिनिटं लागतात. बाबांना सांगितलं, तर म्हणाले, "चाळीस मिनिटं म्हणजे अजून सपाटीलाच आहेस."

खरं आहे. अजून चढ वाढवायला हवा. मूळ सापडलं की लिहीनच. तूर्तास इतकेच.